व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॉट: घरातल्या आणि शेतातल्या विजेच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम येतो, दहावीत विद्युतशक्ती येते, आणि दोन्हींची गणितं मुलं बिनचूक सोडवतात. पंचाईत पुढे होते. गिझरवर ओहम लिहिलेले नसतात, बल्बचा रोध मीटरवर भलताच येतो, आणि व्होल्टेज कमी झालं की शेतातली मोटार कमी करंट घेण्याऐवजी जास्त घेते. सूत्र बरोबरच असतं. त्यात कोणता आकडा घालायचा आणि कोणता स्थिर धरायचा, हे ठरवण्यात गडबड होते. खालचे बहुतेक प्रश्न त्यातूनच येतात.

सूत्रं नेमकी कोणती?

मूळ सूत्रं दोनच. ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर. वॉट = व्होल्ट × अँपिअर. बाकीची त्यांतूनच निघतात: अँपिअर माहीत नसतील तर वॉट = व्होल्टचा वर्ग ÷ ओहम; व्होल्ट माहीत नसतील तर वॉट = अँपिअरचा वर्ग × ओहम. पुस्तकातले विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युतशक्ती ते हेच. दुकानात आणि मीटरवर व्होल्ट-अँपिअरची भाषा चालते, म्हणून इथेही तीच ठेवली आहे.

उदाहरण घ्या. गिझर चालू असताना सॉकेटवर २३० व्होल्ट आहेत आणि वायरमधून ८.७ अँपिअर जात आहेत. रोध २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम. शक्ती २३० × ८.७ = २००१ वॉट, म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर.

एक सूचना विद्यार्थ्यांसाठी: करंट मिलिअँपिअरमध्ये दिला असेल तर आधी हजारानं भागा. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. उत्तर हजारपटीनं चुकलेलं दिसलं की पहिला संशय इथेच घ्यावा.

घरातली वीज एसी असते. मग २३० व्होल्ट हा आकडा कसला?

एसीचं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा पूर्ण वर-खाली होतं आणि प्रत्येक वेळी सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतं. २३० हे त्याचं परिणामी मूल्य: तितक्याच डीसी व्होल्टेजनं हीटर जेवढा तापला असता, तेवढाच या एसीनं तापतो. साधा मल्टिमीटर हेच मूल्य दाखवतो. त्यामुळे गिझर, इस्त्री, शेगडी यांच्यासाठी वरची सूत्रं जशीच्या तशी वापरा. मोटार आणि चोकच्या बाबतीत थोडं थांबावं लागतं, ते पुढे येईल.

उपकरणावर फक्त वॉट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. रोध कसा काढायचा?

व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० चा वर्ग ५२,९०० होतो. हा आकडा लक्षात ठेवला तर घरभरचे हिशेब एका भागाकारात होतात. २००० वॉटचा गिझर २६.४५ ओहम. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १७.६ ओहम. १००० वॉटची इस्त्री ५२.९ ओहम. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब ५२९ ओहम.

वॉट जास्त तर ओहम कमी, हे पुष्कळांना उलटं वाटतं. ‘जास्त तापतो म्हणजे रोध जास्त’ असा समज असतो. घरात सगळ्यांना व्होल्टेज सारखंच मिळतं, आणि ते सारखं असताना ज्याचा रोध कमी त्यातून करंट जास्त जातो, म्हणून तोच जास्त तापतो. दोन वस्तू एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडल्या की करंट सारखा होतो, आणि मग मात्र जास्त रोधाची वस्तू जास्त तापते. दोन्ही विधानं खरी आहेत. काय सारखं आहे ते आधी पाहायचं.

१०० वॉटचा बल्ब मल्टिमीटरवर चाळीसच्या आसपास ओहम दाखवतो. ५२९ कुठे गेले?

मीटर खोटं बोलत नाही आणि सूत्रही नाही. मल्टिमीटरनं तुम्ही थंड बल्ब मोजलात. बल्बची तार टंगस्टनची असते आणि उजेड देताना तिचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तापमान वाढलं की टंगस्टनचा रोधही वाढतो. थंड आणि तापलेल्या तारेत तेरा-चौदा पटींचा फरक पडतो. ५२९ हा जळत्या बल्बचा रोध आहे.

याचा एक परिणाम सगळ्यांनी पाहिलेला असतो. जुना बल्ब जळत असताना क्वचित जातो, बटण दाबताक्षणी जातो. त्या क्षणी तार थंड असते, रोध समजा ४० ओहम असतो, आणि २३० ÷ ४० म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास झटका बसतो. तार तापल्यावर तोच बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो.

गिझर आणि इस्त्रीच्या एलिमेंटमध्ये नायक्रोम असतं. त्याचा रोध तापल्यावर थोड्या टक्क्यांनीच बदलतो, म्हणून गिझरचा प्लग काढून पिनांमध्ये मोजलं तर २६ ओहमच्या जवळपासचा आकडा येतो. थर्मोस्टॅट आणि बटण दोन्ही चालू स्थितीत असायला हवीत, नाहीतर मीटर काहीच दाखवणार नाही आणि बिचाऱ्या एलिमेंटवर खापर फुटेल.

ओहमच्या नियमाला शाळेतही ‘तापमान व भौतिक अवस्था स्थिर असताना’ अशी अट जोडलेली असते. पाठांतरात ती हमखास गळते. खुद्द गेओर्ग ओहमला मात्र स्थिरतेचं महत्त्व चांगलंच कळलं होतं. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढासळायचा. म्हणून त्यानं बिस्मथ आणि तांब्याची जोडणी घेतली, तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं, आणि त्यातून मिळणाऱ्या बारीक पण न हलणाऱ्या व्होल्टेजवर मोजमापं केली. नियमाचं पुस्तक १८२७ साली आलं.

व्होल्टेज कमी आलं तर वीज कमी लागते का?

कोणती वस्तू आहे त्यावर अवलंबून आहे. या एका प्रश्नात तीन वेगळ्या जाती आहेत.

पहिली, तापणाऱ्या वस्तू. यांचा रोध स्थिर. २६.४५ ओहमच्या गिझरला १८० व्होल्ट मिळाले तर वॉट होतात १८० × १८० ÷ २६.४५ = १२२५. व्होल्टेज २२ टक्क्यांनी पडलं, पण शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी, कारण सूत्रात वर्ग आहे. यातून बिल वाचत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतंच. पूर्ण व्होल्टेजवर ते अठरा-एकोणीस मिनिटांत होतं, १८० व्होल्टवर अर्धा तास लागतो.

दुसरी, इलेक्ट्रॉनिक वस्तू: मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर, टीव्ही, चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी दिवे. यांची शक्ती स्थिर. आतलं सर्किट हवी तेवढीच शक्ती ओढतं. व्होल्टेज घटलं तर करंट वाढवून घेतं. इथे ‘रोध’ काढायला गेलात तर आकडा निघेल, पण तो दर व्होल्टेजला बदलेल, म्हणून त्याचा उपयोग नाही.

तिसरी, मोटार. तिचं प्रकरण वेगळं आहे.

शेतातली पाच एचपीची मोटार किती अँपिअर घेते, आणि कमी व्होल्टेजवर जळते का?

पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, पण ही शाफ्टवर मिळणारी शक्ती झाली. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर विजेतून ४६२५ वॉट ओढावे लागतात. थ्री फेजचं सूत्र: वॉट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (हा काय असतो ते पुढच्या प्रश्नात). ४१५ व्होल्ट आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरून अँपिअर येतात ७.६. ‘एचपीला दीड अँपिअर’ हा वायरमन मंडळींचा ठोकताळा यातूनच आलेला आहे आणि तो चांगला चालतो.

आता व्होल्टेज ३४० वर आलं असं समजा. विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं आहे, त्यामुळे मोटारीवरचा भार फारसा कमी होत नाही. तेवढीच शक्ती कमी व्होल्टेजवर हवी, म्हणजे अँपिअर वाढणार: अंदाजे ९.२. करंट सुमारे २२ टक्क्यांनी वाढला, पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळपास दीडपट होते. तेच पाणी, तीच मोटार, आणि आत दीडपट आच. हे तास-दोन तास चाललं की वाइंडिंगचं इन्सुलेशन करपतं.

हिशेब ढोबळ आहे. व्होल्टेजबरोबर पॉवर फॅक्टर आणि मोटारीचा वेगही थोडा बदलतो. दिशा मात्र हीच. म्हणून स्टार्टरचं ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावायचं असतं. ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून रिलेचा काटा पुढे सरकवणं म्हणजे रिवाइंडिंगवाल्याला आमंत्रण. तीनपैकी एक फेज गेली तर उरलेल्या दोन तारांतला करंट याहूनही जास्त चढतो, त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा लागतो.

पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट यांचे व्होल्ट × अँपिअर केले तर लिहिलेल्या वॉटपेक्षा जास्त येतं. मीटर बिघडलाय का?

नाही. कॉइल असलेल्या वस्तूत करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. दोघांचा साधा गुणाकार व्होल्ट-अँपिअर देतो, वॉट नव्हे. वॉट काढायला त्याला पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. जुन्या पट्टी चोकची ४० वॉटची ट्यूब कपॅसिटरशिवाय ०.४३ अँपिअरच्या आसपास घेते: २३० × ०.४३ = ९९ व्होल्ट-अँपिअर. चोकमधली नासाडी धरून खरा खर्च पन्नास-पंचावन्न वॉट, म्हणजे पॉवर फॅक्टर साधारण निम्मा. घरगुती वीजमीटर खरे वॉट मोजून युनिट लावतो, त्यामुळे बिल ९९ चं येत नाही.

याच कारणानं मोटारीच्या वाइंडिंगचा रोध मल्टिमीटरवर मोजून करंट काढू नका. कॉम्प्रेसरचं वाइंडिंग समजा १५ ओहम दाखवतं. ओहमच्या नियमानं १५ अँपिअर यायला हवेत, पण चालू फ्रिज एखाद्या अँपिअरवर चालतो. फिरती मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर घालते. शाफ्ट अडकून ती फिरलीच नाही तर तो आवर जातो आणि करंट कित्येक पटींनी चढतो.

करंट मोजायचा कसा?

क्लॅम्प मीटरनं. वायर तोडावी लागत नाही, उघड्या तारेला हात लागत नाही. क्लॅम्प एकाच तारेभोवती घालायचा. अख्ख्या केबलभोवती घातला तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. बरेच स्वस्त क्लॅम्प डीसी मोजत नाहीत, बॅटरीसाठी घेत असाल तर आधी पाहून घ्या.

मल्टिमीटरनं करंट मोजायचा तर तो सर्किटच्या मध्ये, सिरीजमध्ये, बसवावा लागतो. लाल वायर मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला तिचं दुसरं टोक सॉकेटमध्ये घातलंत, तर मीटरचा नगण्य रोध थेट २३० व्होल्टवर येतो. ते शॉर्ट सर्किटच आहे. घरच्या मेन्सवर मल्टिमीटरनं करंट मोजूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ओहम मोजताना वस्तू प्लगमधून काढलेलीच हवी.

काहीच नसेल तर घरचा वीजमीटर आहेच. त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते वर छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय. बाकी सगळं बंद करून एकच वस्तू लावा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते बघा. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. दोन किलोवॉटच्या गिझरला साडेपाच-पावणेसहा सेकंद लागतील.

गिझरचा प्लग तापतो, कधी काळा पडतो. वॉट तर बरोबर आहेत.

वॉट गिझरचे बरोबर आहेत, प्लगचे मोजा. पिन सैल असली किंवा स्क्रू ढिला असला की त्या सांध्याला स्वतःचा रोध येतो. तो ०.१५ ओहम आहे असं धरा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इन्स्टंट गिझरचे १३ अँपिअर त्यातून गेले की १३ × १३ × ०.१५ = २५ वॉट उष्णता त्या एका ठिकाणी तयार होते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळतं. प्लास्टिकच्या प्लगचं काय होणार?

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, इथे मदतीला येत नाही. करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय.

साध्या मल्टिमीटरवर ०.१५ ओहम नीट मोजताही येत नाही, त्याच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. अनुभवी वायरमन दुसरी वाट धरतो: गिझर बंद असताना सॉकेटवरचं व्होल्टेज आणि चालू असतानाचं व्होल्टेज. २३२ चे २२६ झाले, करंट १३ अँपिअर, तर ६ ÷ १३ = ०.४६ ओहम हा बाहेरच्या लाइनपासून सॉकेटपर्यंतचा एकूण रोध. शेजारच्या सॉकेटवर हाच आकडा निम्मा आला तर दोष कुठे आहे ते कळलं.

वायर जाड घ्यावी असं सगळे सांगतात. फरक किती पडतो?

तांब्याचा रोध: ०.०१७२ × लांबी मीटरमध्ये ÷ जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. लांबी जाऊन-येऊन धरायची, हे विसरू नका. बोर्डापासून २० मीटरवरच्या गिझरला ४० मीटर तार लागते. अडीच एमएमच्या (दुकानातल्या भाषेत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) वायरीचा रोध ०.२७५ ओहम, ८.७ अँपिअरला २.४ व्होल्ट पडतात आणि २१ वॉट भिंतीत जातात. एक एमएमची वायर घातली तर ०.६९ ओहम, ६ व्होल्ट, ५२ वॉट. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट, त्या हिशेबानं जाडी वाढवा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या केबली एवढ्या जाड का?

६०० वॉटचा भार २३० व्होल्टवर २.६ अँपिअर घेतो. तोच १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचा तर ५० अँपिअर, आणि इन्व्हर्टरची नासाडी धरून साठच्या जवळ. बॅटरीच्या टर्मिनलवर ०.०१ ओहमचा सांधा असला तर तिथे ३६ वॉट जळतात. तोच सांधा २३० व्होल्टच्या बाजूला असता तर वॉटचा दशांशही गेला नसता. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी म्हणूनच साफ करायची.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर पाहायचं असेल तर चंद्रपूर ते पडघे ही उच्चदाब डीसी लाइन घ्या. १९९९ पासून ती ७५२ किलोमीटरवरून १५०० मेगावॉटपर्यंत वीज नेऊ शकते. एक तार अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरी उणे ५०० वर. दोघांतला फरक दहा लाख व्होल्ट, म्हणून करंट फक्त १५०० अँपिअर. डीसी असल्यामुळे इथे पॉवर फॅक्टरची भानगड नाही, दहावीचा गुणाकार थेट लागू पडतो. हीच शक्ती २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील.

एलईडीला लावायचा रेझिस्टर कसा काढायचा?

एलईडीला ओहमचा नियम लावू नका, तो रेझिस्टरला लावा. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. १२ व्होल्टमधले उरलेले ९ रेझिस्टरवर पडतात. २० मिलिअँपिअर हवे असतील तर ९ ÷ ०.०२ = ४५० ओहम; बाजारात ४७० चा मिळतो, तो लावा. त्यावर ०.१८ वॉटच्या आसपास उष्णता होते. पाव वॉटचा चालतो, अर्ध्या वॉटचा निवांत राहतो.

वायरमन सिरीज बोर्डावर वस्तू तपासतो ते काय करतो?

१०० वॉटचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकापुढे एक जोडतो. वस्तूत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर येतं, बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज मात्र शाबूत राहतो. तार तुटलेली असेल तर बल्ब पेटतच नाही. चांगला गिझर लावला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण ५२९ पुढे २६ ओहम किरकोळ आहेत. एलिमेंटच्या वाट्याला ११ व्होल्टच्या आसपास येतात. त्यामुळे ‘बल्ब पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट’ हे गिझरला लागू पडत नाही.

शॉक लागला तर एमसीबी पडत नाही का?

भरवसा ठेवू नका. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या घरात येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर. एवढा करंट हृदय बंद पाडायला पुरतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, की तो लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं.

अमेरिकेतून आणलेली वस्तू इथे, किंवा इथला मिक्सर तिकडे चालेल का?

तिकडचं घरगुती व्होल्टेज १२०. तिथल्या १००० वॉटच्या हेअर ड्रायरचा रोध १४.४ ओहम. इथल्या २३० वर तो ३६०० वॉटच्या वर ओढायला जाईल आणि बहुधा पहिल्याच मिनिटात संपेल. उलट इथली १००० वॉटची इस्त्री तिकडे २७० वॉटच देईल. बिघडणार नाही, पण कॉटनचा शर्ट तिच्यानं होणार नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर काळजी नाही, तो शक्ती स्थिर ठेवणाऱ्या जातीतला आहे.

मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याच्या मोटारीला ब्रश असतात, तिकडच्या ६० हर्ट्झची तिला अडचण नाही. ७५० वॉटचा मिक्सर १२० व्होल्टच्या बाजूनं सव्वासहा अँपिअर घेईल, सुरू होताना त्याहून बरेच जास्त, म्हणून ट्रान्सफॉर्मर नेमका ७५० चा न घेता १५०० व्होल्ट-अँपिअरचा घ्यावा.